पंखांचे माप

उन्हाळ्याच्या दुपारी आकाशात घार घिरट्या घालू लागली, म्हणजे तिच्याकडे पाहतच राहावेसे वाटते. पंख न हलवता ती वर वर चढत जाते, एका बाजूस किंचित कलते आणि पुन्हा सावरते. याउलट माळावरच्या झुडपातून एखादा तितर उडाला, की त्याच्या आखूड पंखांची केवढी फडफड होते! भर्रकन उठून तो थोड्याच अंतरावर पुन्हा खाली उतरतो. दूरच्या महासागरांवर भ्रमण करणाऱ्या अल्बट्रॉस पक्ष्याचे पंख तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ फुटांपर्यंत भरतात. आणि इतके लांब असूनही ते पट्टीसारखे अरुंद असतात. निसर्गाने प्रत्येक पाखराला त्याच्या जीवनक्रमास साजेल असेच पंखांचे माप दिले आहे. तितराला अल्बट्रॉसचे पंख लाभले असते, तर ते झुडपाच्या काट्यांत अडकून पडले असते. आणि अल्बट्रॉसला तितराचे पंख मिळाले असते, तर त्याला समुद्र ओलांडता आला नसता.

पाखराला आपले माप स्वतः निवडावे लागत नाही. माणसाने मात्र उडण्याचे मनात आणले, तेव्हा हा प्रश्न त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. पंख किती लांब असावेत? एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे विमानाचा पंखविस्तार. घरच्या घरी, आपल्या हातांनी विमान बांधू पाहणाऱ्याला खिळा ठोकण्यापूर्वीच हा आकडा ठरवावा लागतो. तो चुकला, तर यंत्र जमीन सोडत नाही. आणि सोडलीच, तर पुन्हा केव्हा जमिनीवर आदळेल याचा नेम नसतो. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल हा धाडसी पुरुष आपण बांधलेल्या पंखांवर टेकड्यांवरून पुष्कळ वेळा तरंगला. परंतु १८९६ साली अशाच एका उड्डाणात तो कोसळला आणि त्यातच त्याचा अंत झाला. उडण्याची विद्या शिकताना चुकीला अशी किंमत पडत असे.

लिलिएन्थालच्या मृत्यूची वार्ता अमेरिकेतील डेटन या गावी विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या दोघा भावांनी वाचली. त्यांचे सायकलींचे दुकान होते. सायकली विकाव्या, दुरुस्त कराव्या आणि स्वतःही बांधाव्या, हा त्यांचा व्यवसाय. महाविद्यालयाचे शिक्षण दोघांनाही मिळालेले नव्हते. पाठीशी कोणा धनिकाचा हात नव्हता, की सरकारचा आधार नव्हता. होती ती कसबी बोटे, वाचनाची गोडी आणि एकदा घेतलेला विषय तडीस नेण्याची चिकाटी. १८९९ साली त्यांनी एकावर एक असे दोन पंख असलेला एक पतंग तयार केला. त्याचा विस्तार अवघा ५ फूट होता. दोऱ्या ओढून त्याचे पंख पिळता येत, आणि त्यामुळे त्याचा तोल वाटेल तिकडे झुकवता येई. एवढ्याशा पतंगाने बंधूंना धीर दिला. आता माणसाला पेलेल असा मोठा पतंग बांधावयाचा, असे त्यांनी ठरवले.

किती मोठा? लिलिएन्थालने आपल्या प्रयोगांवरून काही कोष्टके तयार करून ठेवली होती. कोणत्या वाऱ्यात, पंख किती कलते धरले असता, किती भार उचलला जाईल, याचा हिशेब त्या आकड्यांवरून मांडता येत असे. विल्बरने हिशेब केला, आणि पंखांचे एकूण क्षेत्रफळ २०० चौरस फूट असावे असे उत्तर आले. त्यासाठी १८ फूट लांबीचे लाकडी वासे हवे होते. सप्टेंबर १९०० मध्ये तो किटी हॉक या समुद्रकाठच्या वाळवंटी गावाकडे निघाला. तेथे वारा भरपूर होता, आणि पडलेच तर खाली मऊ वाळू होती. वाटेत नॉरफोक शहरी वासे खरेदी करावे, असा त्याचा बेत होता. परंतु साऱ्या शहरात शोधूनही १८ फुटांचे मनासारखे लाकूड मिळेना. अखेर १६ फूट लांबीच्या पाइन लाकडाच्या वाशांवर त्याला समाधान मानावे लागले.

अशा रीतीने पहिल्या मोठ्या पंखांचे माप शास्त्राने ठरवले नाही. ते लाकडाच्या वखारीने ठरवले! टोकांना जोडलेले वाकवलेले तुकडे धरून विस्तार सुमारे १७ फूट भरला, आणि क्षेत्रफळ १६५ चौरस फुटांवर आले. आधीच शिवून आणलेले कापडही आता मोठे झाले. किटी हॉक येथे पोस्टाचे काम पाहणाऱ्या टेट कुटुंबाच्या घरी विल्बर उतरला होता. त्या घरच्या बाईंचे शिवणयंत्र मागून घेऊन त्याने स्वतः ते कापड कापून पुन्हा शिवले. मागाहून ऑर्व्हिलही येऊन पोहोचला. पुढे यंत्र उडाले, पण अपेक्षेइतका भार काही त्याने उचलला नाही. माणसाला घेऊन ते त्या हंगामात हवेत राहिले, ते सारे मिळून दोन मिनिटांच्या आसपास. बंधू परत गेल्यावर टेट बाईंनी टाकून दिलेल्या त्या पंखांचे उत्तम कापड काढून आपल्या मुलींना झगे शिवले.

पंख थिटे पडले, तर ते मोठे करावेत, असे कोणालाही सुचेल. बंधूंनाही तेच सुचले. १९०१ सालचे यंत्र त्यांनी चांगलेच थोर केले. विस्तार २२ फूट, पुढून मागपर्यंतची रुंदी ७ फूट आणि क्षेत्रफळ २९० चौरस फूट. गेल्या वर्षीपेक्षा सव्वाशे चौरस फूट अधिक कापड! किटी हॉकपासून चार मैलांवर वाळूच्या उंच टेकड्या आहेत. जुलै महिन्यात तेथे तळ देऊन, डासांचे थवे आणि तापलेली वाळू सोसून त्यांनी प्रयोग मांडले. परंतु वाढलेल्या पंखांनी घोर निराशा केली. गणिताने सांगितलेल्या भारापैकी जेमतेम एक तृतीयांश भार ते उचलत होते. यंत्र केव्हा नाक खाली घाले, तर केव्हा भलत्याच बाजूस वळे. घरी परतताना विल्बर इतका खचला होता, की आपल्या हयातीत काही माणूस उडणार नाही, असे त्याने धाकट्या भावाजवळ बोलून दाखवले.

येथेच थांबले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. दुसरा एखादा असता, तर त्याने आणखी लाकूड आणि आणखी कापड आणून याहूनही मोठे यंत्र बांधले असते. बंधूंनी दोन्ही केले नाही. आपण ज्या आकड्यांवर विसंबलो, ते आकडेच तपासून पाहावेत, असे त्यांनी ठरवले.

दुकानातच त्यांनी सुमारे ६ फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार केली. तिच्या एका तोंडाशी पंखा बसवला, म्हणजे पेटीतून एकसारखा वारा वाहू लागे. अशा साधनाला वातबोगदा म्हणतात. पेटीत टांगावयाचे तराजू त्यांनी करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार यांपासून बनवले. मग लोखंडी पत्र्याचे बोटाएवढे लहान लहान पंख कापले. काही आखूड, काही लांब. काही सपाट, काही कमानदार. काही टोकदार, काही बोथट. १९०१ सालच्या हिवाळ्यात दुकानातील काम सांभाळून त्यांनी सुमारे दोनशे आकारांचे पंख एकामागून एक त्या वाऱ्यात धरले आणि प्रत्येकाचे आकडे टिपून ठेवले. खास उपकरणे नाहीत, मदतीला विद्वान नाहीत. पण दोन महिन्यांत त्या पेटीने त्यांना जे शिकवले, ते जगातील कोणत्याही ग्रंथात त्या वेळी लिहिलेले नव्हते.

पहिली गोष्ट त्यांना अशी आढळली, की हिशेबात वापरला जाणारा वाऱ्याच्या दाबाचा एक जुना गुणक वास्तवाहून बराच मोठा होता. शंभराहून अधिक वर्षे लोक तो विश्वासाने वापरत आले होते. लिलिएन्थालची कोष्टके मात्र त्यांना वाटले होते तितकी चुकीची नव्हती. ती लिलिएन्थालने तपासलेल्या घाटाच्या पंखापुरती खरी होती. दुसऱ्या घाटाच्या पंखाला ती जशीच्या तशी लावणे, ही खरी चूक होती. एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्याने घालावा, तसे ते झाले होते.

दुसरी गोष्ट याहूनही मोलाची होती. १० फूट लांब आणि १० फूट रुंद असे कापड घेतले, तर त्याचे क्षेत्रफळ १०० चौरस फूट होते. २० फूट लांब आणि ५ फूट रुंद कापड घेतले, तरी क्षेत्रफळ तेवढेच. कापडाचा दुकानदार दोहोंचे सारखेच पैसे घेईल. वारा मात्र या दोहोंना सारखे लेखत नाही! लांब आणि अरुंद पंख तेवढ्याच कापडात अधिक भार उचलतो, आणि वाऱ्याला अडवतोही कमी.

असे का व्हावे? पंख हवेतून पुढे सरकू लागला, म्हणजे त्याच्या खालच्या बाजूस हवेचा दाब वाढतो आणि वरच्या बाजूस तो कमी होतो. या फरकामुळेच पंख वर उचलला जातो. परंतु पाटाच्या पाण्याला बांधात फट मिळाली, की ते जसे तिकडे धाव घेते, तशी खालची हवाही पंखाच्या टोकाला वळसा घालून वर निसटू पाहते. तेथे तिचे भोवरे उठतात आणि उचलण्याची पुष्कळशी शक्ती वाया जाते. आखूड, रुंद पंखात ही गळती सगळ्या पंखाला बाधते. लांब, अरुंद पंखात टोके दूर राहतात आणि मधला मोठा भाग निर्वेधपणे काम करतो. अल्बट्रॉसचे पंख पट्टीसारखे का असतात, याचे उत्तर सायकलच्या दुकानातील त्या लाकडी पेटीने दिले होते.

१९०२ सालचे यंत्र या नव्या आकड्यांवर उभारले गेले. विस्तार २२ फुटांवरून ३२ फुटांवर गेला; रुंदी मात्र ७ फुटांवरून ५ फुटांवर आली. क्षेत्रफळ ३०५ चौरस फूट, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा अवघे १५ चौरस फूट अधिक. पूर्वी पंखाची लांबी रुंदीच्या तिप्पट होती, ती आता सहापटीहून थोडी अधिक झाली. कापड जवळजवळ तेवढेच होते. बदलला होता तो त्याचा घाट. परंतु टेकडीवरच्या वाऱ्यात ते यंत्र असे काही तरंगले, की गणित आणि वास्तव यांची प्रथमच गाठ पडली.

लांब पंखांबरोबर नव्या अडचणीही आल्या, हे सांगावयास हवे. लांब बांबू एका टोकास धरून आडवा उचलला, तर तो आखूड बांबूपेक्षा अधिक वाकतो. पंखाचेही तसेच असते. तो जितका लांब, तितका त्याच्या मुळाशी ताण अधिक. आणि तो सोसावा म्हणून लाकूड जाड करावे, तर वजन वाढते. बंधूंचे वडीलधारे मित्र ऑक्टाव्ह शानूट हे पुलांचे नामांकित अभियंते होते. पुलाचे सांगाडे जसे उभ्या काठ्या आणि तिरप्या ताणांनी मजबूत करतात, तशा रीतीने वरचा आणि खालचा पंख एकमेकांस बांधण्याची युक्ती त्यांनी आपल्या यंत्रात योजली होती; तीच बंधूंच्या उपयोगी पडली. टेकडीच्या उतारावरून जाताना बाजूचा वारा लांब पंखाचे एक टोक उचली आणि दुसरे वाळूत घुसू पाहे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा किंचित खाली झुकती ठेवली. वळताना तोल जाई, तेव्हा मागच्या उभ्या सुकाणूला हलते केले. असे एक एक करीत त्या शरद ऋतूत त्यांनी शेकडो वेळा उड्डाणे केली. त्यांतील सर्वांत लांबचे ६२२ फुटांहून थोडे अधिक होते.

आता इंजिन बसवावयाचे राहिले. दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन घडवले. इंजिन आले, तसे वजनही आले. चालकासह यंत्राचा भार आता साडेसातशे पौंडांच्या आसपास, म्हणजे गेल्या वर्षीच्या जवळजवळ तिप्पट होणार होता. पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला: पंख किती लांब असावेत? परंतु आता उत्तर देण्यासाठी अंदाजाची गरज नव्हती. वही उघडून हिशेब करता येत होता. विस्तार ४० फूट ४ इंच, म्हणजे १२ मीटरांहून थोडा अधिक. रुंदी साडेसहा फूट. क्षेत्रफळ ५१० चौरस फूट. यंत्र वाढले, पण लांबी-रुंदीचे ते सहापट प्रमाण त्यांनी हातचे जाऊ दिले नाही. त्यातील ४ इंचांची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. खालच्या पंखावर मध्याच्या डाव्या बाजूस चालक पालथा निजणार, तर उजव्या बाजूस इंजिन बसणार. इंजिन माणसापेक्षा जड होते. तेव्हा तोल राखण्यासाठी त्यांनी उजवा पंख डाव्यापेक्षा ४ इंच लांब केला!

एवढे मोठे यंत्र मांडण्यास दुकान पुरेना. पंखांचा नुसता मधला भाग जोडला, तरी पुढच्या आणि मागच्या दालनांमधील वाट बंद झाली. गिऱ्हाईक आले, की बाजूच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून पुढे जावे लागे. सगळे यंत्र एकत्र जोडलेले प्रथम दिसले, ते किटी हॉकजवळच्या वाळूवरच.

१७ डिसेंबर १९०३ रोजी, बोचऱ्या थंडीत, ताशी वीस मैलांहून अधिक वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यासमोर ऑर्व्हिल त्या यंत्रावर पालथा निजला. यंत्र रुळावरून सरकले, वर उठले आणि १२ सेकंदांत १२० फूट जाऊन उतरले. १२० फूट म्हणजे त्याच्या स्वतःच्या पंखविस्ताराच्या अवघे तिप्पट! त्याच दिवशी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला आणि ८५२ फूट गेला. इंजिनाच्या बळावर, माणसाच्या ताब्यात राहून, माणसाला घेऊन उडालेले ते पहिले विमान होय. थोड्याच वेळाने जमिनीवर उभ्या असलेल्या त्या विमानाला सोसाट्याच्या एका झोताने उचलले आणि उलटेपालटे करीत मोडून टाकले. ज्या लांबरुंद पंखांनी त्याला उडवले होते, त्यांनाच वाऱ्याने धरले. ते विमान पुन्हा कधी उडाले नाही. डागडुजी केलेले ते आज वॉशिंग्टन येथील संग्रहालयात आहे.

पुढे विमानविद्या फार वाढली. तरीही आपल्या हातांनी लहानसे विमान बांधणारे लोक अनेक देशांत आहेत, आणि पंखांचे माप त्यांनाही ठरवावेच लागते. १९७३ साली फ्रान्समधील अभियंते मिशेल कोलोंबां यांचे ‘क्री-क्री’ नावाचे चिमुकले विमान उडाले. त्याचा पंखविस्तार सुमारे १६ फूट. दोन लहान इंजिने त्याला जोराने ओढतात, म्हणून त्याचे आखूड पंखांवर भागते. १९७७ साली अमेरिकेतील पॉल मॅक्रेडी यांनी केवळ माणसाच्या पायांच्या बळावर उडणारे विमान बांधले. माणसाच्या पायांत बळ ते किती असणार? म्हणून त्यांनी वेग सोडला आणि विस्तार धरला. त्यांच्या ‘गॉसमर काँडॉर’चे पंख ९६ फूट लांब होते, पण अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्या आणि पातळ प्लॅस्टिक यांनी बनलेल्या त्या सबंध विमानाचे वजन मात्र अवघे ७० पौंड होते. १६ फूट आणि ९६ फूट! दोन्ही मापे आपापल्या जागी अचूकच.

तेव्हा सर्वांना लागू पडेल असा पंखविस्ताराचा एकच आकडा कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. उचलावयाचा भार, हाताशी असलेली शक्ती, मिळणारे लाकूड, पेलणारी मजबुती आणि जेथे उतरावयाचे ते मैदान, या साऱ्यांना विचारूनच तो ठरवावा लागतो. एकाला थोडे दिले, की दुसऱ्याकडून थोडे घ्यावे लागते. राइट बंधूंनी १९०१ साली मोठे पंख बांधले आणि ते फसले. १९०२ साली त्यांनी मापाचे पंख बांधले आणि ते तरंगले. या दोन वर्षांमध्ये उभी आहे, ती एक साधी लाकडी पेटी आणि आकड्यांनी भरलेली एक वही. दुसऱ्याने सांगितलेले माप कितीही थोराचे असो, ते आपल्या कामाला लागू पडते की नाही हे स्वतः पारखून घेण्याचे कष्ट ज्यांनी केले, त्यांनाच वाऱ्याने अखेर उचलून घेतले.